कुठं निघालाव?

औशाच्या चौकात उसाच्या डबल ट्रॉल्या.
मागून येताना आधी गाणं ऐकू येतं, मग हॉर्न,
मग आपण अजून आहोत हे कळतं.
म्हणून रविवारी मी मोठा रस्ता सोडते.
सल्ला मस्तानसाबचा. ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा शोधताना म्हणाला होता,
‘मॅडम, नकाशात बारीक रेघ बगा.
त्याहून बारीक आसंल, ती धरा.’

तर पाण्याच्या टाकीपासून उजवीकडं.
डांबर कडेकडेनं सुटत जातं, शिवण उसवावी तसं.
एक गाडी जाईल एवढाच रस्ता,
आणि ती एक गाडीही नाही.
डावीकडं करडई फुलात आलेली, अंगाला हात लावू देत नाही.
उजवीकडं जोंधळा, हुरड्याच्या आठ दिवस अलीकडं,
पाखरांसाठी बांधलेली चकाकती फीत
वाऱ्यावर एकच सूर धरून बसलेली.
चढाला माझा श्वास. उताराला फ्रीव्हीलची टिकटिक.
आठवडाभर नोटा मोजणाऱ्या बोटांना
इथं फक्त ब्रेक.

माणसं मात्र विचारतात.
बांधावरून, धुण्यावरून, तुरीच्या ढिगामागून,
‘कुठं निघालाव?’
कुठं नाही, असंच, म्हटलं की समोरचा चेहरा पडतो.
माझ्यासाठीच पडतो.
‘गाडी बंद पडली का?’
‘सर्वेला आलाव व्हय? आमचं नाव ऱ्हायलंय.’
एकानं घरकुलाचा कागदच काढून दाखवला.
मी हेल्मेट काढून तो नीट वाचला,
बरोबर आहे म्हणाले.
काय बरोबर आहे, देव जाणे.

मग खोटं बोलायला शिकले.
पुढच्या गावात काम आहे.
यावर सगळ्यांचं समाधान होतं.

आंबेजवळग्याच्या पारावर महानंदाबाईंनी ते खोटं पकडलं.
‘फुडं म्हंजे वडाच्या वाडीलाच की. थांब जरा.’
आतून पदराच्या गाठीत बांधून चष्मा आणला,
थोरल्या बहिणीचा, औशातून काडी बसवून घेतलेला,
दिवाळीपासून फळीवर पडलेला.
दिवाळीपासून? वाडी तर सहा किलोमीटर.
‘सहाच हायत, बाई. पर एसटी न्हाई.
औशाला जावं, तिथनं दुसरी धरावी, फाट्यावर उतरावं,
फिरून चालावं. माझं गुडघं आन् तिचं डोळं.
ह्या रस्त्यानं कोण येतंय-जातंय?’

कोणी नाही.
मी त्यासाठीच येते, हे सांगितलं नाही.

पुढचे सहा किलोमीटर करडई तीच होती,
फितीचा सूर तोच,
टिकटिक तीच.
फक्त पाठीवरच्या खिशात चष्मा खड्ड्याखड्ड्याला वाजत होता
आणि मी इतके रविवार जिला शांतता म्हणत आले
ती कुणाची तरी
न आलेली एसटी होती.

नीलव्वानं चष्मा लावला.
आधी म्हशीकडं पाहिलं, मग अंगणातल्या शेणकुटांकडं,
मग माझ्याकडं, सावकाश, बुटांपासून वर.
‘तू कुणाची गं?’
बिराजदारांची. लातूरची. औशाला बँकेत असते.
‘मग हिकडं काय काम?’
‘हेच,’ म्हणाले.
हे बोलताना जीभ अडखळली नाही.

मूठभर शेंगा, गुळाचा खडा, तांब्याभर पाणी.
निघताना म्हणाली,
‘तिला म्हणावं, म्हस व्याली, रेडी झालीय.
म्हणावं, काडी ढिली बसिवलाय त्यानं.
आन् म्हणावं…’
थांबली. चष्मा नाकावर वर सरकवला.
‘ऱ्हाऊ दे. तेवढंच सांग.’

परतीला वारा समोरून.
गिअर खाली. अजून खाली.
हुरड्याच्या रानातून कुणीतरी हात वर केला,
‘कुठं निघालाव?’
‘आंबेजवळग्याला,’ मी ओरडले,
‘म्हैस व्याली म्हणून सांगायला!’
तो विळा टाकून थेट रस्त्यावर आला.
‘कुणाची?’